जिवंत, पण जागचा न हलणारा शुक्राणू: मुतखड्याशी जोडलेलं एक प्रकरण

वीर्यतपासणीच्या रिपोर्टवर ‘गतिशीलता अत्यल्प’ असं छापून आलं की बऱ्याच जोडप्यांच्या हाती व्हिटॅमिनच्या गोळ्यांची चिठ्ठी पडते आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं जातं. शुक्राणू का हलत नाहीत, हे कुणी विचारत नाही. ‘ॲस्थेनोझूस्पर्मिया’ हा भारदस्त शब्द निदानासारखा वाटतो, पण त्याचा अर्थ ‘शुक्राणू नीट पोहत नाहीत’ एवढाच. ताप हे जसं लक्षण, तसंच हेही. त्यामागे मेलेले शुक्राणू असू शकतात, शेपटीची मोडकी रचना असू शकते, चुकीच्या डबीत घेतलेला नमुना असू शकतो, किंवा आतला एकच निरोप्या गैरहजर असू शकतो. इथे मांडलेलं प्रकरण या शेवटच्या कारणाचं आहे.

प्रकरण

२०१९ मध्ये ‘ह्यूमन रिप्रॉडक्शन’ या नियतकालिकात इराण आणि इटलीतल्या संशोधकांनी एका इराणी कुटुंबाचा अभ्यास मांडला. नात्यात लग्नं होत आलेल्या या मोठ्या गोतावळ्यातल्या दोन पुरुषांना मूल होत नव्हतं. दोघांच्याही शुक्राणूंची हालचाल अगदीच क्षीण होती. त्याच घराण्यात आणखी एक गोष्ट पिढ्यांतून उतरत होती: आतड्यातून गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम शोषलं जाणं आणि ते लघवीवाटे बाहेर पडणं. मुतखड्याची जमीन तयार करणारी ही स्थिती.

जनुकं वाचल्यावर दोघांतही एकच दोष सापडला, तोही आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत. पहिल्या गुणसूत्रावरच्या एडीसीवाय-१० या जनुकातली दोन अक्षरं गळाली होती. जनुक तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचलं जातं. त्यातली दोन गळाली की पुढचं सगळं वाचन सरकतं आणि थोड्याच अंतरावर चुकीच्या जागी ‘थांबा’ अशी खूण येते. या जनुकापासून बनणारं प्रथिन सोळाशेपेक्षा जास्त अमिनो आम्लांचं. इथे ते साडेचारशेच्या आतच तुटतं, म्हणजे त्याचा काम करणारा भागही पुरता बनत नाही.

हे प्रथिन एक एन्झाइम आहे. एटीपी या पेशीच्या इंधनापासून सायक्लिक एएमपी हा छोटा रेणू तयार करणं हे त्याचं काम. असं काम करणाऱ्या एन्झाइमांना सायक्लेज म्हणतात. सायक्लिक एएमपी म्हणजे पेशीच्या बाहेरून आलेला निरोप आत पोचवणारा दूत. त्याच्या शोधाशी जोडलेल्या कामासाठी अर्ल सदरलंड यांना १९७१ चं नोबेल मिळालं. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तो असतो आणि तो बनवणारी एन्झाइमंही बरीच आहेत. तरीही या दोन पुरुषांत शुक्राणूच का अडले?

निरोप नेमका काय आहे

सायक्लिक एएमपी बनवणारी इतर एन्झाइमं पेशीच्या आवरणात रुतलेली असतात आणि हार्मोन्सच्या हुकमावर चालतात. एडीसीवाय-१० चं एन्झाइम वेगळं आहे. ते आवरणात अडकलेलं नसतं, म्हणून त्याला विद्राव्य सायक्लेज म्हणतात. १९९९ मध्ये ते उंदराच्या वृषणातून शुद्ध करून ओळखलं गेलं. हार्मोन त्याला उठवत नाही. इतर सायक्लेजना हमखास जागं करणारं फोरस्कोलिन हे रसायनही त्याच्यावर चालत नाही. ते जागं होतं बायकार्बोनेटने, म्हणजे खाण्याच्या सोड्यातल्याच आयनाने. ही गोष्ट २००० मध्ये सिद्ध झाली. कॅल्शियम त्याला आणखी जोर देतं.

यामागची सोय पाहण्यासारखी आहे. शुक्राणू अधिवृषणात, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या गुंडाळलेल्या नळीत, दिवसेंदिवस साठून राहतात. तिथला द्रव किंचित आम्लधर्मी असतो आणि बायकार्बोनेट फार कमी ठेवलेलं असतं. शुक्राणू पोहायला तयार असतात, पण पोहत नाहीत. त्यांची शिदोरी शाबूत राहते. वीर्यस्खलनाच्या क्षणी ते शुक्राशय आणि प्रोस्टेटच्या स्रावात मिसळतात. तिथे बायकार्बोनेटचं प्रमाण एकदम लिटरमागे २५ मिलिमोलच्या आसपास जातं. बायकार्बोनेट आत शिरतं, सायक्लेज जागं होतं, सायक्लिक एएमपी उसळतं आणि ते पीकेए या एन्झाइमला मोकळं करतं. पीकेए शेपटीतल्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवतं आणि शेपटीचा ठोका वेगात येतो. उंदरांच्या शुक्राणूंत हा फरक एका मिनिटाच्या आत दिसतो. सेकंदाला दोन-तीन ठोके मारणारी शेपूट सहा-सातच्या घरात जाते.

पुढची पायरी तासांची असते. स्त्रीच्या प्रजननमार्गात शुक्राणू हळूहळू फलनासाठी ‘पिकतो’. १९५१ मध्ये चांग आणि ऑस्टिन या दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवलेली ही कपॅसिटेशनची अवस्था. तिचाही पहिला धागा हाच, बायकार्बोनेट आणि सायक्लिक एएमपी. शेवटच्या टप्प्यातली ती चाबकासारखी जोरकस हालचाल मात्र कॅटस्पर नावाच्या कॅल्शियमच्या दारावर अवलंबून असते. माणसात ते दार प्रोजेस्टेरॉनने उघडतं. हे दोन निरोप वेगळे आहेत हे ध्यानात ठेवावं. कॅटस्पर बिघडलं तर शुक्राणू साधं पोहू शकतात आणि रिपोर्ट बराचसा नॉर्मलही येऊ शकतो. सायक्लिक एएमपीच नसेल तर शेपटीचा ठोका वेगच घेत नाही.

आता मुतखडा. तेच एन्झाइम मूत्रपिंडातही असतं आणि शरीरात जिथे जिथे बायकार्बोनेटची पातळी ‘चाखावी’ लागते तिथेही. मात्र तिथे सायक्लिक एएमपी बनवणारे इतर हातही आहेत. शुक्राणूत ते काम मुख्यतः या एकाच एन्झाइमवर टाकलेलं आहे. म्हणून दोष एकच असूनही मूत्रपिंडाचं काम बरंचसं चालू राहतं, लघवीतल्या कॅल्शियमचा हिशेब तेवढा बिघडतो, आणि शुक्राणू मात्र पुरता बसतो. या जनुकाचा लघवीतल्या जास्तीच्या कॅल्शियमशी संबंध २००२ मध्येच दाखवला गेला होता. वंध्यत्वाशी माणसात दुवा जुळायला आणखी १७ वर्षं लागली. उंदरांत तो त्याआधीच जुळला होता. हे जनुक काढलेले नर उंदीर दिसायला धडधाकट असतात, शुक्राणूंची संख्या आणि आकार ठीक असतो, पण ते शुक्राणू पुढे सरकत नाहीत आणि नर बाप होऊ शकत नाहीत.

पुरावा कुठे पक्का झाला

जनुकातला दोष सापडला म्हणजे तोच गुन्हेगार, असं होत नाही. नात्यात लग्नं झालेल्या घराण्यात दोन्ही प्रतींत सारखे असे बदल अनेक सापडतात. त्यातला कोणता खरा, हे दाखवायला कामाचा पुरावा लागतो. इथे तो असा मिळाला: शुक्राणूंना बाहेरून सायक्लिक एएमपी दिलं, आणि ते हलू लागले.

साधं सायक्लिक एएमपी बाहेर ओतून उपयोग नाही. त्यावर विद्युतभार असतो, ते आवरणातून आत जात नाही. म्हणून त्याची झाकलेली रूपं वापरतात. डायब्यूटिरिल सायक्लिक एएमपीत रेणूला दोन चरबट गट जोडलेले असतात. त्यांच्या आडोशाने ते आत शिरतं, आत गेल्यावर गट तुटतात आणि काम सुरू होतं. या दोघांच्या शुक्राणूंची हालचाल अशा रूपाने सुधारली. याचा अर्थ शेपटीचं इंजिन शाबूत आहे, इंधनही आहे, फक्त किल्ली फिरवणारा नाही. सगळ्या प्रकरणाचा कणा हाच प्रयोग आहे.

आपल्या टेबलवर असा रुग्ण आला तर

हा दोष विरळ आहे. मुतखडा मात्र सर्रास आढळतो. त्यामुळे मुतखडा असलेल्या आणि गतिशीलता कमी आलेल्या प्रत्येक पुरुषाला हाच आजार चिकटवणं चूक. ‘तुम्हाला किंवा घरात कुणाला मुतखडा झालाय का?’ हा प्रश्न मात्र फुकटचा आहे आणि वंध्यत्वाच्या बहुतेक फॉर्मवर तो नसतो. त्याच दमात आणखी दोन विचारावेत. वारंवार सर्दी, सायनस, छातीत कफ होतो का? श्वसनमार्गातल्या पेशींचे झाडूसारखे हलणारे केस आणि शुक्राणूची शेपटी यांची रचना एकच असते, आणि ती मुळातच बिघडलेली असेल तर श्वसनमार्ग आधी बोलतो. ऐकू कमी येतं का? पंधराव्या गुणसूत्रावर कॅटस्परचं एक जनुक श्रवणाच्या जनुकाला खेटून आहे. दोन्ही एकदम गळाली तर बहिरेपण आणि वंध्यत्व जोडीने येतं.

मुतखड्याचा रुग्ण असेल तर औषधांची यादी हातात घेऊन बघावी. खडा खाली सरकावा म्हणून सिलोडोसिन किंवा टॅम्सुलोसिन दिलेलं असतं. यातलं सिलोडोसिन तर अनेकांत वीर्य बाहेर येणंच थांबवतं. नमुना थेंबभर किंवा कोरडा आला की ‘ग्रंथींमध्ये अडथळा’ अशी धावाधाव होते, आणि कारण खिशातल्या पाकिटात असतं. औषध बंद झाल्यावर, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून, नमुना पुन्हा घ्यावा.

आता खुद्द तपासणी. गतिशीलता शून्याजवळ आली तर पहिला संशय रुग्णावर घेऊ नये, नमुन्यावर घ्यावा. दोन ते सात दिवसांचा संयम, तोंड रुंद असलेली आणि शुक्राणूंना बाधत नाही याची खात्री केलेली डबी, साबण किंवा तेल नाही, साधा कंडोम नाही. नेहमीच्या कंडोमचं रबर आणि त्यावरचं वंगण शुक्राणूंना मारक ठरतं. घरून आणायचा तर डबी अंगाजवळ, खिशात धरून आणावी आणि तासाभरात पोचवावी. थंडीच्या दिवसांत स्कूटरच्या डिकीत आलेला नमुना हमखास खोटं सांगतो. वीर्य पातळ झालं की अर्ध्या तासाच्या आत मोजणी सुरू करावी. काचपट्टी ३७ अंशांवर, १० मायक्रोलिटर थेंब, २२ बाय २२ मिलिमीटरची झाकणकाच. म्हणजे थराची जाडी २० मायक्रोमीटरच्या आसपास येते आणि शेपटीला वळायला जागा मिळते. दोन वेगवेगळे थेंब, प्रत्येकी किमान २०० शुक्राणू. पहिला रिपोर्ट वाईट आला तर काही आठवड्यांनी दुसरा. शुक्राणू घडायला अडीच महिने लागतात, त्यामुळे मध्ये मोठा ताप येऊन गेला असेल तर तेवढा काळ थांबूनच बघावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत एकूण गतिशीलतेची खालची मर्यादा ४२ टक्के, पुढे जाणाऱ्यांची ३० टक्के आणि जिवंतपणाची ५४ टक्के दिली आहे. हे आकडे मूल झालेल्या पुरुषांच्या तळाच्या ५ टक्क्यांवरून काढलेले आहेत. ते वंध्यत्वाची पाटी नाहीत.

आणि आता सगळ्यात जास्त वगळली जाणारी चाचणी. हालचाल कमी असेल तर जिवंत किती हे मोजायलाच हवं. इओसिन-निग्रोसिनची पद्धत पाच मिनिटांची आहे. ५० मायक्रोलिटर वीर्य, तेवढाच रंग, ३० सेकंद थांबायचं, पट्टीवर पातळ ओढायचं, वाळल्यावर १००० पट मोठं करून २०० मोजायचे. मेलेल्या शुक्राणूचं आवरण फाटकं असतं, त्यात इओसिन शिरतं आणि डोकं गुलाबी किंवा लाल दिसतं. जिवंताचं डोकं काळपट पार्श्वभूमीवर पांढरं उठून दिसतं. फक्त मानेशी हलकी गुलाबी छटा असेल आणि बाकी डोकं पांढरं असेल तर तो जिवंतच धरायचा. इथे नवखे चुकतात.

समजा हलणारे ३ टक्के आणि पांढऱ्या डोक्याचे ७० टक्के निघाले. चित्र तिथेच बदललं. शुक्राणू मेलेले नाहीत, ते बसून आहेत. उलट हलणारे ३ आणि जिवंत ५ टक्के असतील तर वाट वेगळी आहे: संसर्ग, अधिवृषणात फार काळ अडकून राहणं, नमुन्याची हेळसांड. जिवंतपणाचा आकडा नसलेला ‘गतिशीलता ३ टक्के’ हा रिपोर्ट अर्धाच आहे, असं आम्ही ठामपणे म्हणतो. तो घेऊन पुढची पायरी चढू नये.

मग आकार बघायचा. शेपट्या आखूड, गुंडाळलेल्या, नसलेल्या, वेड्यावाकड्या जाडीच्या दिसल्या तर दोष बांधणीत आहे. शेपट्या लांब, सरळ, नीटस असूनही स्थिर असतील तर प्रकरण निरोपाकडे झुकतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची सोय असेल तर शेपटीचा आडवा छेद पाहावा. बाहेर नऊ जोड्या, मध्ये दोन नळ्या आणि नऊ जोड्यांना फुटलेले डायनीनचे हात. हेच हात शेपटी वाकवतात. ते जागच्या जागी असतील तर इंजिन आहे, असं म्हणायला आधार मिळतो.

तीन नळ्या

संशोधनाची सोय असलेल्या प्रयोगशाळेत निरोप कुठे अडला हे तीन नळ्यांत बऱ्यापैकी उलगडतं. पहिली अडचण शुक्राणू वेगळे काढण्याची. नेहमीच्या ‘स्विम-अप’ पद्धतीत वर पोहून आलेले शुक्राणू उचलतात. इथे वर येणारच कोण? म्हणून घनतेच्या थरांची पद्धत घ्यावी: तळाला ८० टक्क्यांचं जड द्रावण, वर ४० टक्क्यांचं, त्यावर वीर्य, मग सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जी वर (गुरुत्वाच्या ३०० पट जोराने) १५ ते २० मिनिटं. शुक्राणू पोहण्याने नव्हे, जडपणाने खाली येतात. तळाशी बसलेली शुक्राणूंची गोळी उचलून ताज्या माध्यमात धुवावी.

माध्यमाकडे दुर्लक्ष केलं तर सगळा खेळ फसतो. शुक्राणूंसाठी दोन प्रकारची माध्यमं मिळतात आणि बाटल्या जवळपास सारख्या दिसतात. एकात बायकार्बोनेट २५ मिलिमोल असतं. ते ५ ते ६ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरमध्येच वापरायचं, बाहेर उघडं राहिलं की वायू उडतो आणि पीएच चढतो. दुसऱ्यात हेपेस हे पीएच स्थिर ठेवणारं रसायन असतं आणि बायकार्बोनेट जेमतेम ४ मिलिमोल. ते टेबलावर हाताळण्यासाठी. या दुसऱ्या माध्यमात सायक्लेजची चाचणी केली तर निरोगी माणसाचं सायक्लेजही अर्धवट झोपलेलं दिसेल. चाचणी २५ मिलिमोलच्या माध्यमातच, आणि आदल्या रात्रीपासून इनक्युबेटरमध्ये झाकण सैल ठेवून समतोल झालेल्या.

पहिली नळी नुसत्या माध्यमाची. दुसरीत पेंटॉक्सिफायलिन, मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ३.६ मिलिमोल. हे औषध सायक्लिक एएमपी बनवत नाही, ते मोडणाऱ्या फॉस्फोडायएस्टरेज या एन्झाइमला अडवतं. तिसरीत डायब्यूटिरिल सायक्लिक एएमपी, संशोधनात प्रचलित असं १ ते ५ मिलिमोल, सोबत ते लगेच मोडू नये म्हणून आयबीएमएक्स. तिन्ही ३७ अंशांवर. मोजणी ० मिनिटाला, १० व्या आणि ३० व्या मिनिटाला. मोजणाऱ्याला नळी कोणती हे माहीत नसावं. हालचाल ‘दिसण्याची’ इच्छा डोळ्याला फार असते. सोबत मूल झालेल्या पुरुषाचा नमुना त्याच दिवशी, त्याच बाटल्यांतून चालवावा.

अर्थ लावताना पाण्याच्या टाकीचं चित्र डोळ्यांपुढे ठेवावं. पेंटॉक्सिफायलिन म्हणजे टाकीच्या तळाच्या भोकाला लावलेलं बूच. वरून नळ थोडा तरी चालू असेल तरच टाकी भरेल. दुसऱ्या नळीत शुक्राणू जागे झाले तर सायक्लेज काहीतरी बनवतंय. दुसरीत काहीच नाही, पण तिसरीत शेपट्या हलायला लागल्या, तर नळच बंद आहे. हे इराणी कुटुंबातल्या प्रकाराशी जुळणारं चित्र, आणि एडीसीवाय-१० वाचायला पाठवण्याचं भक्कम कारण. दुसरी आणि तिसरी दोन्ही गप्प राहिल्या तर दोष निरोपाच्या पुढे आहे: पीकेएनंतरच्या साखळीत किंवा शेपटीच्या बांधणीत. नळ बंद दिसला तरी तो दर वेळी सायक्लेजचाच दोष नसतो. सोडियम आणि प्रोटॉनची अदलाबदल करणारा शुक्राणूचा एक वाहक सायक्लेजशी जोडीने काम करतो. तो नसलेल्या उंदरांचे शुक्राणूही असेच बसून राहतात. म्हणून शेवटचा शब्द जनुकाचा.

एक इशारा इथेच. तिसऱ्या नळीतले हलू लागलेले शुक्राणू पाहून ‘हेच गर्भाशयात सोडू’ असा मोह होतो. डायब्यूटिरिल सायक्लिक एएमपी आणि आयबीएमएक्स ही संशोधनाची रसायनं आहेत, उपचाराची नव्हेत. शिवाय धुतल्यावर निरोप ओसरतो आणि शेपूट पुन्हा थांबते.

उपचार

या प्रकारात गोळ्यांनी फरक पडण्याची अपेक्षा धरू नये. को-एन्झाइम क्यू, एल-कार्निटीन, जस्त, अश्वगंधा यांपैकी काहीही न बनलेलं एन्झाइम बनवत नाही. इंजिनाला तेल घालून हरवलेली किल्ली सापडत नाही. धुतलेले शुक्राणू नळीने गर्भाशयात सोडण्याच्या आययूआयनेही काही साधत नाही. शुक्राणू गर्भाशयात सोडले तरी पुढचं अंतर त्यांनाच पोहायचं असतं. स्त्रीबीज आणि शुक्राणू शरीराबाहेर एकत्र ठेवण्याच्या नेहमीच्या आयव्हीएफमध्ये तर ते स्त्रीबीजाच्या कवचाशी नुसते पडून राहतील. आययूआयची तीन-चार आवर्तनं, प्रत्येक आवर्तनाचा खर्च, बायकोला इंजेक्शनं आणि महिन्याच्या शेवटी घरात पसरणारी शांतता, हे सगळं पाच मिनिटांच्या रंगाने वाचलं असतं. म्हणून त्या चाचणीचा इतका आग्रह.

मार्ग उरतो तो इक्सीचा. एक शुक्राणू सुईने उचलून थेट स्त्रीबीजात सोडायचा. पोहण्याची गरजच संपते. अडचण एकच: सगळेच स्थिर असताना जिवंत कोणता ओळखायचा? पेंटॉक्सिफायलिन किंवा थिओफायलिन घालून हललेले शुक्राणू उचलणं ही नेहमीची युक्ती. सायक्लेज पूर्ण निकामी असेल तर तिच्यावर विसंबता येत नाही, बूच लावायला टाकीत पाणीच नसतं.

तेव्हा कमी क्षाराच्या द्रावणाची चाचणी कामी येते. निदानासाठी तिची कृती ठरलेली आहे. १०० मिलिलिटर शुद्ध पाण्यात ०.७३५ ग्रॅम सोडियम सायट्रेट डायहायड्रेट आणि १.३५१ ग्रॅम फ्रुक्टोज. त्यातलं १ मिलिलिटर ३७ अंशांवर, त्यात १०० मायक्रोलिटर वीर्य, अर्धा तास. पाणी आत ओढलं जातं. आवरण शाबूत असेल तर शेपूट फुगते आणि टोकाशी गुंडाळी होते. मेलेला शुक्राणू तसाच सरळ राहतो. इक्सीच्या दिवशी मात्र अर्धा तास ठेवायचं नाही. पातळ केलेल्या माध्यमाच्या थेंबात शुक्राणू नेऊन शेपटीचं टोक वळताना दिसलं की लगेच उचलून नेहमीच्या माध्यमात परत सोडायचा. तिथे त्याची शेपटी पुन्हा सरळ होते. जास्त वेळ राहिला तर आवरण फाटतं आणि जिवंत म्हणून निवडलेला शुक्राणू हातात मेलेला येतो. वीर्यात आधीपासूनच गुंडाळलेल्या शेपट्या असतील तर ही चाचणी फसवते, म्हणून द्रावणात घालण्याआधी एकदा नुसतं बघून घ्यावं. दुसरा उपाय सुईचा स्पर्श. शेपटीला हळूच ढकलावं. ती लवचीकपणे वाकून परत येत असेल आणि डोकं वेगळं हलत असेल तर बहुधा जिवंत, काडीसारखी अख्खी फिरत असेल तर सोडून द्यावा.

आणखी एक बारकावा. इक्सीत शुक्राणू आत सोडण्याआधी त्याची शेपूट सुईने दाबून मोडतात. हलणाऱ्या शुक्राणूला थांबवण्यासाठी हे करतात असा समज आहे, म्हणून ‘हा तर हलतच नाही, मोडायची काय गरज’ असं वाटू शकतं. गरज आहे. शेपूट मोडण्याने आवरण फाटतं आणि शुक्राणूतलं पीएलसी-झीटा हे प्रथिन स्त्रीबीजात पाझरतं. स्त्रीबीजात कॅल्शियमच्या लाटा उठवून त्याला जागं करणारं तेच. स्थिर शुक्राणू शेपूट न मोडता सोडला तर चांगलं स्त्रीबीजही निपचित राहू शकतं, आणि दोष पुन्हा ‘खराब शुक्राणू’च्या नावावर जातो.

घराकडे बघताना

इक्सीआधी जनुक सल्ला घ्यावाच. या पुरुषाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर प्रत्येक मुलाला एक बिघडलेली प्रत नक्की मिळणार. पत्नीकडे दोन चांगल्या प्रती असतील तर मुलगा पुढे वंध्य होण्याची भीती नाही, कारण वंध्यत्वाला दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. एक बिघडलेली प्रत असलेल्यांत लघवीतलं कॅल्शियम वाढण्याकडे कल असू शकतो, म्हणून मूल मोठं होताना पाणी आणि लघवीकडे लक्ष असावं. पत्नी नात्यातली असेल तर तीही वाहक असण्याची, म्हणजे तिच्याकडे एक बिघडलेली प्रत असण्याची, शक्यता वाढते. ती वाहक निघाली तर गणित एकास एक होतं: प्रत्येक मुलाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याची शक्यता निम्मी. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. त्यामुळे ‘लग्नाआधीपासून तुम्ही एकमेकांचे नातेवाईक होता का?’ हे विचारायला संकोच करू नये. विचारताना आवाजात दोषारोप नसावा, एवढी काळजी घ्यावी.

पुरुषाच्या स्वतःच्या तब्येतीचाही प्रश्न आहे, आणि मुलाच्या घाईत तो मागे पडतो. २४ तासांची लघवी गोळा करून त्यातलं कॅल्शियम, ऑक्झलेट, सायट्रेट, सोडियम आणि एकूण माप बघावं. पुरुषात दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम जात असेल तर ते जास्त. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी, आणि मीठ कमी, कारण लघवीतून सोडियम जाताना कॅल्शियमला सोबत ओढतं. लोणचं, पापड, फरसाण यांचा हिशेब इथे लागतो. दूध-दही मात्र मनाने बंद करू नये. आहारात कॅल्शियम फार कमी झालं की आतड्यात ऑक्झलेटला (कॅल्शियमशी मिळून खडे करणाऱ्या अन्नातल्या घटकाला) धरून ठेवायला कुणी उरत नाही, ते रक्तात जास्त शिरतं आणि खडे वाढू शकतात. हाडंही झिजतात. गरज पडली तर मूत्रविकारतज्ज्ञ थायझाइड गटातलं औषध देतात.

याच दाराची दुसरी बाजू

जो निरोप थांबल्यामुळे दोन माणसांना मूल झालं नाही, तोच निरोप हवा तेव्हा थोडा वेळ थांबवता आला तर? न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये, विद्राव्य सायक्लेज ज्यांनी शोधलं त्याच जोखेन बक आणि लॉनी लेविन यांच्या गटाने, २०२३ च्या फेब्रुवारीत ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये टीडीआय-११८६१ हा रेणू मांडला. तो सायक्लेजला अडवतो. नर उंदराला एक मात्रा दिल्यावर शुक्राणू सुमारे अडीच तास स्थिर राहिले. तीन तासांनी काही पुन्हा हलू लागले आणि २४ तासांत जवळपास सगळे पूर्ववत झाले. या काळात ५२ समागमांतून एकही गर्भधारणा झाली नाही, तर रेणू न दिलेल्या गटात सुमारे एक तृतीयांश माद्यांना झाली. हार्मोनला हात लावलेला नव्हता, नरांचं वागणं बदललं नव्हतं.

हे उंदरांतलं काम आहे आणि माणसासाठीची गोळी अजून हातात नाही. पण इराणमधल्या त्या कुटुंबाचा अभ्यास या शोधाला फार मोलाचा ठरतो. सायक्लेज जन्मभर नसेल तर माणसाला काय होतं, हे तो सांगतो: शुक्राणू बसतात, लघवीतलं कॅल्शियम वाढतं, बाकी माणूस हिंडतो-फिरतो. जन्मभराच्या अभावाची ही किंमत असेल, तर काही तासांच्या अडवणुकीत मूत्रपिंडावर काय ताण येईल, हे त्या गोळीच्या चाचण्यांत सर्वांत आधी मोजावं लागेल.